परदेशी फिरायला जाताना पैसे कसे न्यायचे, कुठे बदलायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकीट झालं, व्हिसा झाला, चिवडा-लाडूंची पाकिटं भरून झाली, आणि निघायच्या दोन दिवस आधी मेसेज येतो, "अरे, पैशांचं काय करू?" गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा झालंय की शेवटी सगळे प्रश्न एका जागी लिहून काढले. जे दुसऱ्या प्रश्नात आलंय ते परत लिहिलेलं नाही, तिकडचा नंबर दिलाय.

१. रोख, फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड... एकच काय ते सांगा, काय नेऊ?

एकच काही नेऊ नका, हेच उत्तर. माझं गणित असं, बहुतेक खर्चासाठी एक कार्ड (फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड, किंवा कमी मार्कअपवालं, म्हणजे चलन बदलताना भावावर कमी टक्के चढवणारं, बँकेचं कार्ड), दुसऱ्या बँकेचं आणि शक्यतो दुसऱ्या नेटवर्कचं (एक व्हिसा तर दुसरं मास्टरकार्ड) एक कार्ड वेगळ्या बॅगेत, आणि पहिले दोन-तीन दिवस निघतील एवढी रोकड. बाकी मग देशावर आहे. लंडनमध्ये आठवडाभर खिशातली नोट न काढता फिरता येतं, तिथे ट्यूबमध्येसुद्धा (तिथली मेट्रो) कार्ड टेकवलं की झालं (फक्त प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड लागतं, एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं आत जात नाहीत). याउलट व्हिएतनाम, बाली आणि जपानमधल्या छोट्या गावांत रोख लागतेच. ट्रॅव्हलर्स चेक विसरा, बाबांच्या जमान्यातली गोष्ट झाली ती.

२. कुणी म्हणतं ३००० डॉलर नेता येतात, कुणी म्हणतं अडीच लाख डॉलर. खरं काय?

दोन्ही खरं. अडीच लाख डॉलर ही एका माणसाची एका आर्थिक वर्षाची (एप्रिल ते मार्च) एकूण मर्यादा, तिला एलआरएस म्हणतात, त्यात रोख, कार्डावर भरलेले पैसे, तिकडे पाठवलेले पैसे सगळं आलं. ३००० डॉलर ही त्यातली फक्त रोख नोटांची मर्यादा, तीही दर ट्रिपला आणि दर माणशी. म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर प्रत्येकी तेवढे घेता येतात, मुलांच्या नावाने घेताना पालकांची सही लागते. इराक आणि लिबियासाठी रोख मर्यादा ५००० डॉलर आहे, इराण आणि रशियासारख्या देशांसाठी अजून सैल, हज-उमराहला वेगळे नियम. आपल्यातल्या ९५ टक्के लोकांना याची गरज पडत नाही.

३. चलन घ्यायला कागदपत्रं काय लागतात? रोख रुपये देऊन मिळतं का?

पासपोर्ट, पॅन, तिकीट, व्हिसा लागत असेल तर व्हिसा, आणि ए-२ नावाचा फॉर्म दुकानातच भरून घेतात. रोख रुपये ५०,००० पर्यंतच चालतात, त्याच्या वर चेक किंवा ट्रान्सफर. दुकान रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेलं आहे का ते बघा, लायसन्स भिंतीवर लावलेलं असतं. पावती घ्याच, परत आल्यावर उरलेलं विकताना लागते. आणि खूप आधी घेऊन ठेवू नका, ट्रिप रद्द झाली तर घेतल्यापासून ६० दिवसांत परत करावं लागतं.

४. गूगलवर डॉलर ९० दिसतोय आणि दुकानदार ९१ च्या वर सांगतोय. लुटतोय का?

गूगलवर दिसतो तो मधला भाव, त्या भावाला तुम्हाला-मला कुणीच देत नाही. दुकानदार विकताना वरचा भाव लावतो आणि घेताना खालचा, त्यातला फरक ही त्याची कमाई. प्रश्न फक्त फरक किती एवढाच.

आता "झिरो कमिशन" या पाटीची गंमत बघा. समजा १००० डॉलर घ्यायचेत. पहिला म्हणतो कमिशन शून्य, भाव ९१.२०. दुसरा म्हणतो भाव ९०.६० आणि वर १०० रुपये चार्ज. लोक पहिल्याकडे जातात, फुकट दिसतंय ना! पहिल्याचे होतात ९१,२००, दुसऱ्याचे चार्ज आणि त्यावरचा जीएसटी धरूनही ९०,७१८. म्हणजे फुकटवाला पावणेपाचशेने महाग. त्यामुळे भाव विचारू नका, कमिशन विचारू नका, एकच विचारा, "१००० डॉलर हातात पडायला माझ्या खात्यातून एकूण किती जाणार?" तीन ठिकाणी फोन करून हा एकच आकडा घ्या, आणि एकाच दिवशी घ्या कारण भाव रोज हलतो. मुंबईत फोर्टात, पुण्यात कॅम्प-डेक्कनला शेजारी शेजारी दुकानं आहेत, पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि दुसऱ्याचा भाव सांगितला की पहिला थोडाफार खाली येतोच.

५. त्यावर जीएसटी १८ टक्के लागतो म्हणे? म्हणजे लाखावर अठरा हजार?

नाही हो, घाबरू नका! १८ टक्के आहे पण पूर्ण रकमेवर नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का (कमीत कमी २५० रुपये) ही सेवेची किंमत धरतात आणि जीएसटी त्यावर. लाखाला १८० रुपये, छोट्या व्यवहाराला निदान ४५. लाखाच्या पुढे टक्केवारी अजून कमी होते, दोन लाखांना २७०. सगळीकडे सारखाच असतो त्यामुळे यात घासाघीस करायला काही नाही.

६. विमानतळावर बदलले तर काय बिघडतं? तिथे सोयीचं असतं.

सोयीचे पैसे लावतात ना ते. तुम्ही सिक्युरिटी पार करून आत आलात, फ्लाइट तासाभरात, आता तुम्ही कुठे जाणार हे काउंटरवाल्याला माहीत असतं. इथल्या विमानतळावर तर शक्यतो नकोच. उतरल्यावर तिकडच्या विमानतळावर टॅक्सी आणि सिमपुरते बदला, बाकीचे शहरात. अपवाद आहे, बँकॉकच्या सुवर्णभूमीला बेसमेंटला, जिथून शहरात जायची ट्रेन सुटते तिथले काउंटर चांगले भाव देतात, वरच्या मजल्यावरच्या आणि खालच्या भावात डोळ्यांना दिसेल एवढा फरक असतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वरच बदलले होते आणि मग खाली ट्रेन पकडायला गेलो. पुढचं सांगत नाही.

७. थायलंडला जातोय. इथूनच बाट घेऊ की डॉलर नेऊन तिथे बदलू? दोनदा बदलण्यात तोटा नाही का?

ऐकायला तोटा वाटतो, पण बहुतेक वेळा उलटं असतं. इथे डॉलरला गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे फरक कमी. बाट, डोंग (व्हिएतनाम), रुपिया (इंडोनेशिया) यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून दुकानदार मोठा फरक लावतो. तिकडे मात्र डॉलर-बाट हा त्यांचा रोजचा धंदा.

गणित करून बघा, आकडे समजण्यापुरते. १००० डॉलर इथे ९०,९०० ला पडले, बँकॉकला डॉलरला ३२ बाट मिळाले, म्हणजे ३२,००० बाट. एक बाट पडला २ रुपये ८४ पैशांना. इथला दुकानदार बाटला २.९५ मागत असेल तर तेवढेच बाट ९४,४०० ला. साडेतीन हजारांचा फरक, थायलंडमध्ये दोन मसाज होतात त्यात. तो २.८० ला देत असेल तर घ्या की इथेच, हट्ट कशाला. शेवटी "एक बाट मला किती रुपयांना पडला" एवढंच बघायचं.

दुबईला वेगळं आहे. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहॅम, १९९७ पासून हलला नाही, आणि इथेही दिरहॅम सहज मिळतो, त्यामुळे थेट दिरहॅमच घ्या. युरो, पौंड, सिंगापूर डॉलर हेही थेट. डॉलर नेऊन तिथे बदलायचं हे थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, कंबोडिया अशा ठिकाणांसाठी.

८. डॉलर घेताना नोटा कुठल्या मागायच्या?

थायलंड, बालीसाठी १०० च्या. तिथे भावाच्या बोर्डवर १००, ५० आणि छोट्या नोटांना वेगवेगळे भाव असतात, छोटीला कमी. नोट नवी, न फाटलेली, शिक्का किंवा पेनाची खूण नसलेली पाहिजे, छोट्या चेहऱ्याच्या जुन्या नोटा तर आग्नेय आशियात बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत किंवा भाव पाडून घेतात. आपल्याकडे बँकेतले लोक नोटांवर पेनाने लिहायचे, त्या सवयीने कुणी डॉलरवर "एकूण १०" असं लिहून ठेवू नका. दुकानात काउंटरवरच एकेक नोट बघून घ्या आणि खराब असेल तर बदलून मागा, लाजू नका. अमेरिकेला जाणाऱ्यांनी उलट करायचं, १, ५, १०, २० च्या घ्यायच्या, टिपला आणि टॅक्सीला लागतात.

९. बालीत भाव लय भारी दिसतो एखाद्या दुकानात, घ्यावा का?

सगळ्यांपेक्षा जास्त भाव लावलेलं, कपड्यांच्या किंवा टॅटूच्या दुकानातलं छोटंसं टेबल असेल तर पुढे चला. तिथे हातचलाखी चालते, तुमच्यासमोर नोटा मोजतात, मग "एकदा परत बघतो" म्हणून हातात घेतात आणि चार-पाच नोटा टेबलामागे. इंडोनेशियात परवाना असलेल्या दुकानावर "पीव्हीए बेरइझिन" असा फलक असतो, तो शोधा. शेवटचं मोजणं तुमचं असलं पाहिजे, त्यानंतर नोटांना कुणाचा हात लागला तर परत पहिल्यापासून मोजा.

व्हिएतनामला फसवणुकीपेक्षा शून्यांचा घोळ जास्त. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळीच, रात्री टॅक्सीत सहज चुकीची जाते. ५ लाखवाल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

१०. फॉरेक्स कार्ड खरंच स्वस्त पडतं का?

ज्या चलनात भरलंय त्याच चलनात खर्च केला तर बहुतेकदा हो. नेहमीच्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर साधारण ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी असतो, मिळून ४.१३ टक्के, लाखामागे चार हजार गेले. फॉरेक्स कार्डात भाव भरतानाच ठरतो, नंतर रुपया पडला तरी तुम्हाला फरक नाही (वधारला तर मात्र हळहळ).

पण यात तीन खड्डे आहेत. एक, डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये घासलं तर क्रॉस करन्सीचा चार्ज लागतो, तो पण साधारण तेवढाच, मग फायदा काय राहिला? दोन, भरताना बँक जो भाव लावते त्यातच दीड-दोन टक्के लपलेले असू शकतात, त्यामुळे प्रश्न ४ चाच नियम इथेही. तीन, हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून रक्कम ब्लॉक करतात, ती सुटायला दिवस लागतात आणि तेवढे तुमचे पैसे अडकले, गाडी भाड्याने घेताना तर बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्डच मागतात. म्हणून डिपॉझिटला क्रेडिट कार्ड, खर्चाला फॉरेक्स किंवा झिरो मार्कअप कार्ड.

११. मशीन विचारतं, "रुपयांत भरायचं का?" काय दाबू?

तिकडचं चलन. नेहमी. डोळे मिटून. दुकानात, हॉटेलात, एटीएमवर, सगळीकडे.

रुपये दाबले की भाव तुमची बँक नाही, ते मशीनवाले ठरवतात आणि त्यांच्या मनाला येईल तो ठरवतात. वरून काही भारतीय बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावर वेगळा चार्ज पण लावतात, म्हणजे दोन्हीकडून. रोममध्ये हॉटेल सोडताना माझ्या बायकोने मशीनवर रुपयाचं चिन्ह बघून एकदम आनंदाने हिरवं बटण दाबलं होतं, दहा दिवसांनी आपलं काहीतरी दिसलं म्हणून. घरी येऊन स्टेटमेंट बघितलं तर पाच टक्क्यांच्या वर गेलेले. काउंटरवरच्या माणसाने तुम्हाला न विचारता रुपये निवडले असतील तर सही किंवा पिन करायच्या आधी रद्द करून परत करायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

एटीएमवर हाच प्रश्न आडून येतो, "विथ कन्व्हर्जन" की "विदाउट कन्व्हर्जन". विदाउट घ्या, पैसे तरीही मिळतात.

१२. कार्ड तिथे चाललंच नाही, इथे तर रोज चालतं!

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते ॲपमधून आपण चालू करायचे. स्वाइप, ऑनलाइन, टॅप आणि एटीएम यांची बटणं वेगवेगळी असतात, एक चालू केलं म्हणजे सगळी झाली असं नाही. इथूनच करून जा, कारण तिथे गेल्यावर ओटीपी येत नाही, सिम काढून ठेवलेलं असतं, मग गंमत. भारतीय सिम निदान मेसेज येण्यापुरतं रोमिंगवर ठेवा. आणि पिन पाठ पाहिजे.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. थायलंडमध्ये एटीएम दर वेळी परदेशी कार्डाला २२० बाट किंवा जास्त कापतं, तुम्ही ५०० काढा की २०,०००, म्हणून काढायचेच तर एकदाच मोठे काढा.

१३. यूपीआय चालतं ना आता सगळीकडे?

सगळीकडे नाही, काही देशांत, काही दुकानांत. भूतान, नेपाळ, सिंगापूर, युएई, मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्समध्ये (आयफेल टॉवरच्या तिकिटापासून सुरुवात झाली, २०२४ ला) सुरू झालंय. ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल वेगळं चालू करावं लागतं आणि भावात कन्व्हर्जनचा खर्च धरलेला असतो, पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर रुपये दिसतात ते बघा. जोडीला वापरा, भरवशावर जाऊ नका.

१४. आम्ही पशुपतिनाथला चाललोय, आई-बाबा बरोबर आहेत. डॉलर घेऊ का?

अजिबात नको. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, हा भाव १९९३ पासून तोच आहे, आणि भारतीय रुपये बाजारात सर्रास घेतात. १०० आणि त्याखालच्या नोटा कितीही न्या. ५०० च्या नोटांबाबत दोन्हीकडचे नियम बदलत आलेत, त्यामुळे शंभराच्या करकरीत गड्ड्या हाच सोपा मार्ग, जाड होते पिशवी पण झोप लागते. फॉरेक्स कार्ड नेपाळ-भूतानला चालत नाही, हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. बँकेचं साधं डेबिट कार्ड आणि यूपीआय (प्रश्न १३) ठेवा. भूतानमध्ये तर एक नुल्ट्रम म्हणजे बरोबर एक रुपया.

१५. युरोप टूर आहे, युरो घेतले की झालं ना?

टूरमध्ये स्वित्झर्लंड आहे ना? तिथे फ्रँक. दुकानदार युरो घेतात पण त्यांच्या भावाने, आणि सुट्टे फ्रँकमध्ये देतात, मग युंगफ्राऊवरून परत आल्यावर खिशात दहा-बारा फ्रँकची नाणी खुळखुळत राहतात. तिथे कार्डच वापरा. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, लंडनला पौंड. क्रोएशियात मात्र १ जानेवारी २०२३ पासून युरोच आहे.

प्रागमध्ये चौकातल्या काउंटरवर फसलात तर एक जालीम उपाय आहे, तिथल्या कायद्याने १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती घेऊन त्याच काउंटरवर परत जायचं.

१६. मुलगा न्यू जर्सीत आहे, आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जातोय. किती डॉलर न्यायचे?

काका-काकू, राहणं-खाणं मुलाकडे आहे तर माणशी तीन-चारशे रोख पुरे, बाकी कार्डावर. जास्त नेण्यात अर्थ नाही, हरवले तर प्रवास विम्यात रोकड बहुतेकदा धरत नाहीत. रोकड हातातल्या पर्समध्ये, चेक-इन बॅगेत कधीच नाही, साडीच्या घडीत लपवली असली तरी नाही.

आणि ते "१०,००० डॉलरच्या वर नेता येत नाहीत" असं सांगतात ना, ते तसं नाही (इथून नेताना प्रश्न २ मधली रोख मर्यादा आहेच). अमेरिकेत १०,००० च्या वर असेल तर फॉर्म भरून सांगायचं असतं, टॅक्स वगैरे काही नाही. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाचे पैसे मिळून मोजतात एवढं लक्षात ठेवा. परत येताना मुलाने हातात दिले आणि रोख नोटा ५००० डॉलरच्या वर गेल्या, किंवा नोटा आणि बाकी मिळून १०,००० च्या वर, तर भारतात उतरल्यावर कस्टम्सला सीडीएफ (जवळचं चलन जाहीर करायचा) फॉर्म भरून द्यायचा.

१७. टीसीएस म्हणून २० टक्के कापणार म्हणाले. खरं?

सगळ्यांना नाही. टीसीएस म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ कापलेला इन्कम टॅक्स. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला एकूण १० लाखांपर्यंत (आधी ७ लाख होतं) चलन घेतलं, कार्ड भरलं, तर टीसीएस नाही, त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी, कारण पॅन वेगळे. टूर कंपनीच्या पॅकेजचं प्रकरण स्वतंत्र आहे, तिथे पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो, कोटेशन घेताना तो धरून की सोडून ते विचारा. तिकडे असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या एलआरएसमध्ये धरत नाहीत. २०२३ ला धरणार होते, ओरड झाली, पुढे ढकललं. आणि हा कापलेला पैसा बुडत नाही, इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतो, रिटर्न भरून वळता होतो. फक्त तोवर अडकतो.

१८. भाऊ दुबईत असतो. तो मला तिथे दिरहॅम देईल, मी इथे चिपळूणला आईला रुपये देतो. कुणाचाच तोटा नाही, चालेल ना?

हा प्रश्न कोकणातून नियमित येतो आणि उत्तर ऐकून सगळे नाराज होतात. नाही चालत. तिकडे चलन आणि त्याच्या बदल्यात इकडे रुपये, असा व्यवहार फेमा (परकीय चलनाच्या) कायद्याच्या कलम ३ मध्ये मना आहे, भाऊ सख्खा असला तरी. भावाने तुम्हाला घरी ठेवलं, जेवायला घातलं, फिरवलं आणि त्याचे पैसे मागितले नाहीत तर तो पाहुणचार, त्याला कुणाची ना नाही. आईला पैसे त्याने त्याच्या खात्यातून बँकेने पाठवावेत, तुमचे दिरहॅम तुम्ही दुकानातून घ्यावेत.

१९. उरलेल्या चलनाचं काय करू?

परत आल्यापासून १८० दिवसांत विकायचं असतं, पण २००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या ट्रिपसाठी ठेवता येतात. वर्षभरात परत जाणार असाल तर ठेवाच, विकताना खालचा भाव मिळतो (प्रश्न ४). नाणी इथे कुणीच घेत नाही, ती तिथेच संपवा. हॉटेल सोडताना बिलातले काही पैसे नाण्यांत द्या, उरलेले कार्डावर, किंवा जपानमध्ये सुईका (ट्रेन-बसच्या) कार्डात भरा. भारतीय रुपये जाता-येता २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, सहार विमानतळावरून घरी यायला टॅक्सीपुरते ठेवा.

२०. काकांच्या कपाटात जुन्या पौंडाच्या नोटा सापडल्या, चालतील का?

कागदी असतील तर दुकानात नाही. २० आणि ५० च्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या, आता प्लॅस्टिकच्या आहेत. पण बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा कधीही बदलून देते, काउंटर लंडनला थ्रेडनीडल स्ट्रीटवर आहे, ओळखपत्र घेऊन जा. स्विस फ्रँकच्या २०२१ मध्ये बाद झालेल्या नोटांचंही तसंच, त्यांची मध्यवर्ती बँक घेते. डॉलरची नोट कितीही जुनी असो, अमेरिकेत बाद होत नाही, फक्त ती बँकॉकला घेऊन जाऊ नका, अमेरिकेला जाणाऱ्या कुणाकडे तरी द्या.